इंग्रजी गौणवाक्यातील पूर्णकाळ आणि सर्वनामरूप कर्म : मराठी भाषांतराच्या अंगाने एक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

इंग्रजी कथात्म गद्यात 'हॅड सीन हिम', 'हॅव रेड इट', 'हॅड टोल्ड हर' यांसारखे शब्दबंध पानोपानी येतात. त्यांत कोशात पाहावा लागेल असा एकही शब्द नसतो. साहाय्यक क्रियापद, भूतकालवाचक धातुसाधित आणि त्यामागून येणारे कर्मस्थानीचे सर्वनाम एवढीच त्यांची घडण. शालेय अध्यापनातून या घडणीसाठी एक समीकरण रूढ झाले आहे : 'हॅज' किंवा 'हॅव' म्हणजे 'आहे', 'हॅड' म्हणजे 'होते', 'हिम' म्हणजे 'त्याला' आणि 'इट' म्हणजे 'ते'. प्रधान वाक्यात हे समीकरण बऱ्याच अंशी निभावून जाते. गौणवाक्यात मात्र ते वारंवार फसते, आणि फसल्याचे लक्षात येत नाही, कारण निर्माण होणारे मराठी वाक्य वरकरणी शुद्धच असते. व्याकरणाचा कोणताही नियम त्यात मोडलेला नसतो. बदललेला असतो तो अर्थ.

हे शब्दबंध गौणवाक्यात आले असता इंग्रजी भाषा दोन गोष्टी अनिर्णित ठेवते. पहिली, घटनेकडे कोणत्या क्षणावरून पाहिले जात आहे. आणि दुसरी, सर्वनामाने निर्दिष्ट झालेली व्यक्ती कोण. मराठीची रचना या दोन्ही बाबतींत निवड करावयास लावते. ही निवड जाणीवपूर्वक न केल्यास ती समीकरणाकडून होते. कथात्म साहित्याच्या भाषांतरात तिचे परिणाम दूरगामी ठरतात, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. दोन भाषांतील पूर्णकाळाची घडण

दोन्ही भाषांतील पूर्णकाळाचा उगम भूतकालवाचक धातुसाधितात आहे. संस्कृतातील 'मया पत्रं लिखितम्' या कर्मणी रचनेत धातुसाधित कर्माच्या लिंगवचनांना अनुसरते. हाच वारसा मराठीत 'मी पत्र लिहिले', 'मी चिठ्ठी लिहिली', 'मी लेख लिहिला' या वाक्यांत टिकून आहे. जुन्या मराठी गद्यात आढळणारे 'म्यां' हे रूप येथील कर्ता मुळात तृतीयेचा असल्याची साक्ष देते.

इंग्रजीने वेगळी वाट धरली. तेथे सकर्मक क्रियेचा पूर्णकाळ स्वामित्वदर्शक 'हॅव' या क्रियापदापासून घडला. 'माझ्याजवळ पत्र लिहिलेले आहे' या धर्तीची ती मूळ रचना होय. सुमारे अकराव्या शतकापर्यंतच्या जुन्या इंग्रजीत धातुसाधित काही वेळा कर्माशी जुळणारे विभक्तिरूप धारण करीत असे. त्या काळी गौणवाक्यात आख्यात शेवटी जाण्याची प्रवृत्ती होती आणि सर्वनामरूप कर्म त्याच्या आधी येई. म्हणजे कर्माचा धातुसाधितावरील अधिकार आणि वाक्यातील पदक्रम या दोन्ही बाबतींत ती भाषा आजच्या इंग्रजीपेक्षा मराठीला अधिक जवळची होती. पुढे विभक्तिप्रत्यय झडत गेले, पदक्रम स्थिरावला आणि कर्म धातुसाधितामागे गेले. आज 'आय हॅव रिटन इट' आणि 'आय हॅव इट रिटन' या दोन वाक्यांचे अर्थ एक नाहीत. पहिल्यात लेखनाची क्रिया पूर्ण झाल्याचे सांगितले जाते, तर दुसऱ्यात लिहिलेली वस्तू हाताशी असल्याचे, किंवा ती दुसऱ्याकडून लिहवून घेतली जात असल्याचे.

फ्रेंच भाषा या दोन टोकांच्या मधे उभी आहे. तेथे सर्वनामरूप कर्म क्रियापदाच्या आधी येते आणि लेखनात धातुसाधित त्या कर्माच्या लिंगवचनांशी जुळते. कर्म मागून आल्यास ते जुळत नाही. इंग्रजीत मात्र कर्म कोठेही असले तरी 'रिटन' हे 'रिटन'च राहते. त्यामुळे कर्म कोणते हे सांगण्याचा सारा भार एकट्या सर्वनामावर पडतो आणि ते सर्वनाम गाळता येत नाही. ते अनिवार्य असले तरी आघातहीन असते. 'गिव्ह अप' यासारख्या संयुक्त क्रियापदात तर ते मधेच शिरते : 'आफ्टर ही हॅड गिव्हन इट अप'. हेच सर्वनाम शेवटी ठेवून 'गिव्हन अप इट' असे म्हणता येत नाही. ते नवी माहिती देत नसल्याने वाक्याच्या अखेरचे महत्त्वाचे स्थान त्याला मिळत नाही.

३. कर्माचे लिंग आणि मराठी प्रयोगव्यवस्था

मराठी प्रयोगविचाराची चर्चा दादोबा पांडुरंग यांच्या १८३६ च्या व्याकरणापासून चालत आली आहे आणि मोरो केशव दामले यांच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) या ग्रंथात ती विस्ताराने झाली आहे. प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने तिच्यातील चार बाबी महत्त्वाच्या ठरतात.

(अ) कर्म प्रत्ययरहित असल्यास प्रयोग कर्मणी होतो. 'ही हॅड रेड इट' या वाक्यातील 'इट' कादंबरीसाठी असेल तर 'त्याने ती वाचली होती', लेखासाठी असेल तर 'त्याने तो वाचला होता', आणि पुस्तकासाठी असेल तर 'त्याने ते वाचले होते'. इंग्रजी 'इट'ला व्याकरणिक लिंगभेद ठाऊक नाही. मराठीत तो सर्वनामात आणि क्रियापदात असा दोनदा प्रकट होतो. म्हणून भाषांतरकाराने 'इट'चे भाषांतर करावयाचे नसते. 'इट' ज्या नामासाठी आले आहे त्या नामाचा मराठी पर्याय आधी निश्चित करावयाचा असतो. 'बुक'साठी 'ग्रंथ', 'पोथी' आणि 'पुस्तक' यांपैकी कोणता शब्द निवडला यावर पुढील सर्व क्रियापदांची रूपे अवलंबून राहतात.

(आ) कर्म 'ला' किंवा 'ना' प्रत्ययान्त असल्यास प्रयोग भावे होतो : 'तिने त्याला पाहिले होते', 'त्याने तिला पाहिले होते', 'त्यांनी आम्हांला पाहिले होते'. येथे क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात स्थिर राहते आणि मराठीची स्थिती इंग्रजीसारखीच होते. 'दिला', 'वाचली' या रूपांतून कर्माचा जो सुगावा लागतो तो येथे लागत नाही. त्यामुळे व्यक्तिवाचक सर्वनाम गाळताना अधिक सावधगिरी बाळगावी लागते.

(इ) कर्ता द्वितीय पुरुषी एकवचनी असल्यास क्रियापद एकाच वेळी कर्माचे लिंग आणि कर्त्याचा पुरुष दाखविते : 'तू ती वाचली आहेस'. परंपरेने यास कर्तृकर्मसंकर म्हटले आहे. या रूपातून 'तू' आणि 'ती' हे दोन्ही शब्द वगळले तरी 'वाचली आहेस?' हा प्रश्न पूर्णपणे समजतो. इंग्रजीत दोहोंपैकी एकही शब्द वगळता येत नाही.

(ई) काही क्रियापदे कर्म असूनही भूतकाळात कर्तरी राहतात. 'हॅड मेट हिम' याचे मराठी 'ती त्याला भेटली होती' असे होते आणि 'हॅड फरगॉटन इट' याचे 'तो ते विसरला होता' असे. 'हॅड' दिसताच कर्त्याला 'ने' लावण्याची सवय येथे चुकीची ठरते.

यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. जेथे मराठी क्रियापद स्वतःच कर्म सांगते तेथे सर्वनामाची गरज बहुधा नसते. 'पत्र आले. त्याने ते वाचले. त्याने ते खिशात ठेवले.' या वाक्यांतील 'ते' इंग्रजीने दिलेले आहे. 'पत्र आले. त्याने वाचून खिशात ठेवले,' हे मराठीचे स्वाभाविक वळण होय.

४. कालवाचक व संकेतवाचक गौणवाक्ये

हान्स रायखेनबाख या तत्त्वज्ञाने १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या तर्कशास्त्रविषयक ग्रंथात काळांच्या विवरणासाठी तीन बिंदू मानले : भाषणबिंदू, घटनाबिंदू आणि संदर्भबिंदू. पूर्ण भूतकाळात घटना संदर्भबिंदूच्या आधी आणि संदर्भबिंदू भाषणाच्या आधी असतो. गौणवाक्यात हा संदर्भबिंदू सामान्यतः प्रधान वाक्यातील क्रिया पुरविते. 'आफ्टर ही हॅड रेड इट, ही टोअर इट अप' या वाक्यात 'हॅड' हे केवळ पौर्वापर्य दाखविते. वाचन आधी झाले आणि फाडणे नंतर, इतकेच.

पौर्वापर्य दाखविण्यासाठी मराठीजवळ 'ऊन', 'ल्यावर' आणि 'ताच' हे प्रत्यय आहेत. 'त्याने ते वाचून फाडून टाकले' किंवा 'वाचून झाल्यावर त्याने ते फाडून टाकले' एवढ्याने काम भागते. 'त्याने ते वाचले होते त्यानंतर त्याने ते फाडून टाकले' या वाक्यात 'होते'मुळे वाचनाची क्रिया प्रसंगाबाहेर ढकलली जाते आणि ती कधीतरी पूर्वीच झाल्याचा भास होतो. 'ऊन' प्रत्ययाची मर्यादाही ध्यानात ठेवावयास हवी. दोन्ही क्रियांचा कर्ता सामान्यतः एकच लागतो. कर्ते भिन्न असल्यास 'त्याने वाचल्यावर ती म्हणाली' अशी 'ल्यावर'ची रचना स्वीकारावी लागते.

पूर्ण वर्तमानकाळाच्या बाबतीत समीकरण आणखी उघडे पडते. 'व्हेन यू हॅव रेड इट, गिव्ह इट बॅक' या वाक्यातील वाचन अद्याप झालेलेच नाही. 'जेव्हा तू ते वाचले आहेस तेव्हा ते परत दे' हे वाक्य म्हणून निरर्थक ठरते. 'वाचून झाले की परत दे' हे योग्य मराठी. सातत्य दाखविणाऱ्या पूर्णकाळाचीही हीच कथा आहे. 'सिन्स आय हॅव नोन हर' म्हणजे 'माझी तिची ओळख झाल्यापासून', आणि ओळख किती वर्षांची हे सांगावयाचे असल्यास मराठी साधा वर्तमानकाळ वापरते : 'मी तिला दहा वर्षांपासून ओळखतो.' येथे 'ओळखले आहे' हे रूप 'मनातले जाणले आहे' किंवा 'कोण ते कळले आहे' या वेगळ्याच अर्थाकडे नेते.

संकेतार्थात इंग्रजी 'हॅड' हे भूतकाळाचे चिन्हच राहत नाही. 'इफ आय हॅड सीन हिम, आय वुड हॅव टोल्ड हिम' याचे मराठी 'मी त्याला पाहिले असते तर सांगितले असते' असे होते. न घडलेल्या गोष्टीसाठी मराठीने 'असते' हे स्वतंत्र रूप राखले आहे. याउलट 'पाहिले असेल तर' मधून घटनेची शक्यता सूचित होते आणि 'पाहिले होते तर' मधून घटना घडल्याचे गृहीत धरून जाब विचारला जातो : 'पाहिले होतेस तर सांगितले का नाहीस?'

५. संबंधी गौणवाक्ये

संबंधी वाक्यात कर्म आणि कर्ता यांची स्थिती भिन्न असते. कर्मच विशेष्य झाले तर इंग्रजीत धातुसाधितामागे सर्वनाम येत नाही : 'द लेटर विच ही हॅड रिटन'. येथे 'रिटन इट' असे लिहिणे ही चूक होय. 'विच' या शब्दाने कर्माची जागा आधीच भरलेली असते. मराठीत 'जे पत्र त्याने लिहिले होते ते' अशी दोन सर्वनामांची जोडी येत असल्याने मराठीभाषक विद्यार्थ्याला ही चूक सहज सुचते. अशा ठिकाणी मराठीचा सर्वांत सुटसुटीत पर्याय 'त्याने लिहिलेले पत्र' हा आहे. येथे 'लेले' प्रत्ययान्त विशेषण पूर्णत्व, कर्माचे लिंग आणि वचन हे सारे एका पदात सामावून घेते.

कर्ता विशेष्य होऊन सर्वनाम कर्मस्थानी राहिले, उदाहरणार्थ 'द मॅन हू हॅड हेल्प्ड हिम', तर प्रश्न बिकट होतो. 'त्याला मदत केलेला माणूस' ही रचना चालते. पण 'त्याला मारलेला माणूस' असे म्हणताच वाक्य अडखळते, कारण 'मारलेला' हे विशेषण मार खाणाऱ्याकडे ओढ घेते. 'त्याला मारणारा माणूस' म्हटल्यास वाक्य सरळ होते, मात्र क्रिया पूर्ण झाल्याचा बोध निसटतो. अशा वेळी 'ज्याने त्याला मारले होते तो माणूस' हीच रचना अचूक ठरते. जो-तो रचना इंग्रजीच्या प्रभावातून आली, असा काहींचा समज असतो तो निराधार आहे; ती यादवकालीन मराठीपासून भाषेत आहे. इंग्रजी वळणाची आहे ती 'तो माणूस, ज्याने त्याला मारले होते, पळाला' ही, विशेष्याच्या मागून संबंधी वाक्य घालणारी, रचना.

६. आशयवाचक गौणवाक्ये : दृष्टिकोनाचा प्रश्न

साहित्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रकार हा आहे. 'ही रिअलाइज्ड दॅट शी हॅड सीन हिम' हे वाक्य घेऊ. प्रधान वाक्य भूतकाळी असल्याने इंग्रजीच्या काळानुक्रमाच्या नियमाने गौणवाक्यातील क्रिया मागे सरकते. 'तिने पाहिले आहे', 'तिने पाहिले' आणि 'तिने पाहिले होते' या तिन्ही मूळ विचारांचे रूपांतर एकाच 'हॅड सीन'मध्ये होऊ शकते. 'हिम'ही अनिश्चित आहे. तो स्वतः किंवा तिसराच कोणी पुरुष, दोघांनाही ते लागू पडते. 'हिमसेल्फ' येथे वापरताच येत नाही, कारण त्या गौणवाक्याचा कर्ता 'शी' आहे.

मराठीत आशयवाक्य सामान्यतः विचार करणाऱ्याच्या क्षणावरून बोलते. म्हणून पाहिल्याचा परिणाम त्या क्षणी ताजा असेल तर 'तिने आपल्याला पाहिले आहे हे त्याच्या लक्षात आले' असे होईल. पूर्वीच्या एखाद्या प्रसंगाची ओळख आता पटली असेल तर 'तिने आपल्याला पाहिले होते' असे होईल. 'हिम' म्हणजे अन्य पुरुष असेल तर 'तिने त्याला पाहिले आहे' असे म्हणावे लागेल. 'त्याला' हे सर्वनाम बोलताना दोन्ही अर्थी ऐकू येते. पण 'आपल्याला' म्हटल्यावर संदेह उरत नाही. 'आपण' हे सर्वनाम गौणवाक्याची सीमा ओलांडून ज्याच्या मनातील विचार सांगितला जात आहे त्याच्याकडे पोहोचते, तर 'स्वतः' हे सामान्यतः आपल्याच वाक्यातील कर्त्यापाशी थांबते. या सामर्थ्याला इंग्रजीत समांतर सर्वनाम नाही.

'आहे' आणि 'आपल्याला' ही जोडी एकत्र आली की निवेदन पात्राच्या मनात शिरते. 'होते' आणि 'त्याला' ही जोडी आली की निवेदक बाहेर उभा राहतो. कादंबरीच्या अभ्यासात ज्याला दृष्टिकोन म्हणतात तो अशा लहान पदांतून घडत असतो. समीकरणाने केलेले भाषांतर पात्रांच्या अंतर्मनाची दारे एकामागून एक बंद करीत जाते. वाचकाला भाषांतर 'कोरडे' वाटते, पण कारण सांगता येत नाही.

७. एक उपयोजन

वरील विवेचन एका रचलेल्या उताऱ्यावर तपासून पाहता येईल. एका स्त्रीच्या हाती चिठ्ठी पडते. पुढील इंग्रजी वाक्ये अशी : 'व्हेन शी हॅड रेड इट, शी न्यू दॅट ही हॅड डिसीव्ह्ड हर. द फ्रेंड हू हॅड वॉर्न्ड हर हॅड बीन राइट.'

समीकरणाने होणारे भाषांतर असे : 'जेव्हा तिने ते वाचले होते तेव्हा तिला माहीत होते की त्याने तिला फसवले होते. ती मैत्रीण, जिने तिला सावध केले होते, बरोबर होती.' यातील प्रत्येक शब्दाला इंग्रजीत आधार आहे. तरीही कथा उलटली आहे. या मराठी वाक्यानुसार फसवणूक तिला वाचतानाच ठाऊक होती. चिठ्ठीने काही उघड केले नाही. 'ते' हे सर्वनाम चिठ्ठीशी जुळत नाही, आणि 'तिला फसवले' यातील 'ती' कोण, हा प्रश्न मैत्रिणीच्या प्रवेशाने आणखी धूसर होतो.

दुसरे भाषांतर असे करता येईल : 'चिठ्ठी वाचून होताच त्याने आपल्याला फसवले आहे हे तिला कळून चुकले. जिने तिला आधीच सावध केले होते त्या मैत्रिणीचेच खरे ठरले.' पहिला 'हॅड' येथे 'होताच' झाला आहे, दुसरा 'आहे' आणि चौथा 'ठरले'. 'इट' नाहीसे होऊन नाम आले आहे. तिसरा 'हॅड' मात्र 'होते' म्हणून राहिला आहे आणि तो राहणेच योग्य आहे, कारण मैत्रिणीचा इशारा खरोखरच पूर्वीचा आहे आणि कथेतील बोच त्याच पूर्वत्वात आहे. दुसऱ्या वाक्यात 'तिला'ऐवजी 'आपल्याला' योजले असते तर मैत्रिणीविषयीचा निर्वाहही त्या स्त्रीच्या मनातील विचार म्हणून वाचला गेला असता. मूळ संहितेचा रोख तसा आहे काय, हे भाषांतरकाराने ठरवावयाचे आहे.

८. समारोप

'हॅड' या शब्दाचा मराठी पर्याय 'होते' हा आहे, असे म्हणण्याऐवजी त्याचे काम कोणते, असा प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरते. पौर्वापर्य, न घडलेला संकेत, पात्राच्या मनातील ताजा परिणाम आणि खरोखरीचे दूरत्व ही चार भिन्न कामे इंग्रजी एकाच रूपाकडून करून घेते. मराठीने ती 'ल्यावर', 'असते', 'आहे' आणि 'होते' यांत वाटून दिली आहेत. त्याचप्रमाणे कर्मस्थानीच्या सर्वनामाचे ओझे मराठीत क्रियापद, 'लेला' प्रत्ययान्त विशेषण आणि 'आपण' हे सर्वनाम यांनी मिळून उचलले आहे.

वर्गात भाषांतर शिकविताना विद्यार्थ्यांना अशा प्रत्येक वाक्यापाशी थांबवून तीन प्रश्न विचारता येतील : क्रिया कोणत्या क्षणाच्या आधीची आहे, तो क्षण कोणाचा आहे, आणि सर्वनाम कोणासाठी आले आहे. या प्रश्नांची उत्तरे इंग्रजी वाक्याच्या व्याकरणात नेहमी सापडत नाहीत. ती संहितेच्या वाचनातून मिळवावी लागतात. त्यामुळे ज्याला केवळ व्याकरणाचा सराव समजले जाते तो पाठ प्रत्यक्षात साहित्यवाचनाचा पाठ ठरतो.